‘तिकडे पाऊस नसतो’ असे सांगून लडाखला नेणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
ठाणे आणि नवी मुंबईतून जुलै-ऑगस्टमध्ये लडाख-स्पितीला गट नेणारे सहल-आयोजक, बाइक ग्रुपचे लीडर आणि ज्येष्ठ नागरिक संघांचे सहलप्रमुख यांस,

स.न.वि.वि.

मे संपत आलाय. अंगाला चिकटलेला शर्ट सोडवत लोक तुमच्याकडे चौकशीला येतायत आणि तुम्ही त्यांना जुलै-ऑगस्टच्या तारखा देताय. जाहिरातीतला मुद्दा सगळ्यांचा एकच असतो: इकडे चार महिने चिखल, तिकडे पर्जन्यछायेतले वाळवंट, निळे आकाश, पाऊस नाहीच. यातली पर्जन्यछाया खरी आहे. ‘पाऊस नाहीच’ हे खरे नाही, आणि तुमचे सगळे वेळापत्रक नेमके त्यावर बेतलेले आहे.

लेहला वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून साधारण १०० मिलिमीटर पडतो. ठाण्यात जुलैतल्या एखाद्या जोरकस दिवशी तेवढा पडून जातो आणि आपण फार तर लोकल किती उशिरा धावतायत ते बघतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर मोजला गेला, म्हणजे लेहचा नऊ वर्षांचा पाऊस. असल्या आकड्यांची सवय झाल्यामुळेच आपली गल्लत होते. दहा-बारा मिलिमीटर म्हणजे आपल्या लेखी भुरभुर. ५ ऑगस्ट २०१० च्या रात्री, मध्यरात्र उलटल्यावर, लेह, चोगलमसर, साबू, फ्यांग या पट्ट्यात ढगफुटी झाली. दोनशेहून अधिक माणसे गेली. लेहच्या पर्जन्यमापकात त्या रात्रीची नोंद आहे १२.८ मिलिमीटर. मापक बिघडले नव्हते. पाऊस आसपासच्या नाल्यांच्या माथ्यावर कोसळला, मापकावर कोसळला नाही, इतकेच.

येऊरच्या डोंगरावर पाऊस पडतो तेव्हा आधी पाने भिजतात, मग पाचोळा, मग माती. पाणी ओढ्यापर्यंत पोचायला वेळ घेते. लडाखच्या उतारावर यातले काही नाही. रात्री गोठून आणि दिवसा तापून तडकलेल्या खडकाचा चुरा, त्यात पिठासारखी माती, आणि ती धरून ठेवायला झुडूपसुद्धा नाही. अर्धा तास सपाटून पाऊस झाला की तो चुरा पाण्याबरोबर सुटतो. खाली येतो तो ओल्या काँक्रीटसारखा दाट लगदा, आणि त्याच्या तोंडाशी फ्रिजएवढे दगड. स्थानिक त्याला मलबा म्हणतात. त्याला पूर म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे उल्हास नदी येते, म्हणून तुम्हीही मलबाच म्हणा. आणि तो येतो तेव्हा तुमच्या डोक्यावर लख्ख ऊन असू शकते. खारघरच्या पांडवकड्याला पावसाळ्यात बंदी का घालावी लागते हे नवी मुंबईकरांना समजावून सांगायला नको: वर डोंगरात पडलेला पाऊस खाली उभ्या माणसाला दिसत नाही. लडाखमध्ये तर पाण्याबरोबर डोंगरही येतो.

हे ढग तिथे पोचतात कसे? मोसमी वारे एरवी हिमालयाच्या दक्षिण उतारावरच रिते होतात. मात्र पश्चिमेकडून ओलावा घेऊन येणारे पश्चिमी चक्रवात आणि मोसमी वारे एकत्र आले की ओलावा रांगा ओलांडून पलीकडे उतरतो. तिथे उघडे उतार दुपारपर्यंत तव्यासारखे तापलेले असतात, हवा वर उसळते आणि दोन-तीन तासांत पांढऱ्या ढगाचा काळा मनोरा होतो. आपल्या वळवाची चाल हीच: सकाळी कडक ऊन, दुपारी घुसमट, संध्याकाळी तडाखा. फक्त तिथे घुसमट जाणवत नाही, कारण हवा कोरडी असते. शरीराकडून मिळणारी सूचना तिथे मिळत नाही. आभाळाकडेच बघावे लागते.

आता मागणीचे बोलू. पहिली आणि सगळ्यात मोठी मागणी घड्याळाची आहे. तुमच्या छापील कार्यक्रमात रोज ‘नाश्त्यानंतर प्रस्थान’ असते. पोहे, चहा, ग्रुप फोटो, कोणाची तरी हरवलेली चार्जरची पिन, असे करत गाडी साडेनवाला हलते. बर्फ वितळून वाहणारे नाले घड्याळ पाळतात. रात्री वर गोठते म्हणून पहाटे पाणी सर्वांत कमी. ऊन चढले की अकरानंतर वाढ, आणि दुपार उलटल्यावर ते संध्याकाळपर्यंत सर्वांत जास्त. सकाळी सात वाजता घोट्याइतका असलेला नाला चार वाजता मांडीला लागतो, पावसाचा एक थेंबही न पडता. मोसमात जितका उकाडा जास्त तितका हा फरक मोठा. म्हणून निघायचे सहाला, नाश्ता बांधून घेऊन, आणि दुपारी दोनला गाडी मुक्कामी किंवा निदान खिंड आणि नाले मागे टाकून उभी हवी. नुब्राहून श्योकमार्गे पँगाँगला जाताना हे पाळाच. तो रस्ता नदीकाठाने जातो आणि बाजूच्या घळी त्याला छेदत येतात. एक अपवाद लक्षात ठेवा. रात्रभर आभाळ भरलेले असेल तर वर गोठत नाही, आणि मग पहाटेचे पाणीही कमी झालेले नसते. अशा सकाळी नाल्याशी जाऊन आधी बघायचे, मग ठरवायचे.

नाला ओलांडण्याची रीत प्रत्येक लीडरने पाठ करावी. आधी एकाने, बूट घालूनच, काठी टेकत, प्रवाहाकडे तोंड करून चालत जायचे. गुडघ्याच्या वर पाणी असेल तर बाइक नाही. वाहते पाणी फूटभर असले तरी छोटी गाडी उचलते, दोन फुटांत मोठीही तरंगू लागते. पाणी जिथे पसरट आणि खळखळते तिथे उथळ असते. गुळगुळीत, शांत दिसते तिथे खोल. बाइक पहिल्या गियरमध्ये, एकसारखा ॲक्सिलरेटर, क्लच दाबायचा नाही, नजर पलीकडच्या काठावर. पाण्यात इंजिन बंद पडले तर स्टार्टर दाबायचा नाही. पाणी सिलिंडरमध्ये गेले असेल तर ते दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. मग गाडी ट्रकवर चढवूनच परतते. ढकलून काठावर आणा, स्पार्क प्लग काढा, पाणी बाहेर फेकू द्या, मग चालू करा. आणि समोरचा ट्रक गेला म्हणून आपणही जायचे, हा ठाणेकरांचा घोडबंदर रोडवरचा न्याय तिथे चालत नाही.

पाणी एकदम गढूळ झाले किंवा एकदम कमी झाले तर दोन्हीचा अर्थ वर काहीतरी घडले आहे. कमी होणे अधिक वाईट, कारण वर कुठेतरी मलब्याने बांध घातलेला असतो आणि तो फुटणार असतो. त्यातच मालगाडी येतेय असा घरघराट कानी आला तर सामान, बाइक, सगळे सोडून बाजूच्या उतारावर चढायचे. रस्त्याने पुढे पळायचे नाही, पुलावर थांबायचे नाही, आणि मोबाइल खिशात.

दुसरी मागणी मुक्कामाच्या जागेची. तंबूंचे कॅम्प जिथे असतात ती सपाट, हिरवळीची, झुळझुळत्या ओढ्याकाठची जागा फोटोला छानच दिसते. ती सपाट का आहे? बाजूच्या घळीच्या तोंडाशी पंख्यासारखी पसरलेली जमीन बहुतेक जुन्या मलब्याचीच असते. लहानमोठे दगड आणि माती एकत्र कालवलेली दिसली, मोठ्या धोंड्यांवर सुकलेल्या चिखलाची रेघ दिसली, की ओळखावे. कॅम्पवाल्याला विचारताना अंतर विचारू नका, उंची विचारा. ओढ्यापासून शंभर मीटर लांब पण त्याच पातळीवर असलेल्या तंबूपेक्षा वीस मीटर लांब आणि पाच मीटर वर असलेली खोली बरी. जुनी गावे आणि गोंपे (बौद्ध मठ) कुठे बसलीत ते नुसते बघितले तरी उत्तर मिळते. २०१० ची ढगफुटी रात्री झाली होती हेही विसरू नका. दुपारी दोनचा नियम झोपलेल्या माणसाला वाचवत नाही.

सरचूबद्दल वेगळे सांगतो, कारण मनालीहून निघणारे जवळपास सगळे बाइक ग्रुप तिथे थांबतात. उंची सुमारे ४,३०० मीटर. एका बाजूला बारालाचा खिंड, दुसऱ्या बाजूला गाटा लूप्सची वळणावळणांची चढण आणि त्यापुढच्या खिंडी. म्हणजे रात्री कोणाला विरळ हवेचा त्रास झाला तर खाली उतरण्यासाठी आधी वर चढावे लागते. त्यात सरचूला पाऊस पडत असेल तर वर खिंडीत तो बर्फ असू शकतो. जिस्पा किंवा केलाँगला दोन रात्री काढा आणि सरचू ओलांडूनच जा, किंवा श्रीनगरकडून चढा; त्या बाजूने उंची बेताबेताने वाढते.

आता उन्हाचे. हा भाग तुमच्या माहितीपत्रकात नसतोच. तिथे फक्त थर्मल आणि कानटोपी असते. जुलै-ऑगस्टमध्ये लेहला काही दुपारी तिशीपार जाते. जुलै २०२४ च्या शेवटच्या आठवड्यात पारा ३५ अंशांच्या आसपास गेला आणि लेहची विमाने रद्द करावी लागली. कारण सरळ आहे: ३,२५० मीटरवरची हवा मुळात विरळ, तापली की आणखी विरळ, पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाचा जोर घटतो, आणि धावपट्टी काही लांबत नाही. लेहहून सकाळचे विमान आणि त्याच दुपारी दिल्लीहून मुंबई, असे एकाला एक जोडलेले तिकीट उन्हाच्या मोसमात काढू नका.

आपल्याला उकाड्याची ओळख घामाने होते. ठाण्यात घाम वाळत नाही, तो निथळतो, म्हणून तहान आठवते. तिथल्या कोरड्या वाऱ्यात घाम आला कधी आणि उडाला कधी ते कळतच नाही. शिवाय विरळ हवेत श्वास भरभर होतो आणि प्रत्येक श्वासाबरोबर पाणी जाते. दर हजार मीटरला अतिनील किरण दहा टक्क्यांनी वाढतात, वर बर्फ आणि वाळू ते खालूनही फेकतात. दिवसाला तीन-चार लिटर पाणी, त्यातले निदान लिटरभर ओआरएस किंवा मीठ-साखरेचे. नुसते पाणी ढोसत राहिले तर रक्तातले मीठ उतरते आणि त्यातही डोके दुखते, मळमळते. लघवीचा रंग हाच खरा मीटर. ज्येष्ठांपैकी अनेकजण रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी घेतात, त्यात विरळ हवेसाठी आणखी एक तशीच गोळी सुरू होते. गट निघण्याआधी प्रत्येकाच्या डॉक्टरांचा लेखी सल्ला घ्या. सल्फाची ॲलर्जी आहे का हे त्यात विचारलेच पाहिजे.

सर्वांत महागात पडणारी चूक इथेच होते. डोके दुखतेय, मळमळतेय, जेवण नको झालेय. गटातला कोणीतरी म्हणतो, ‘ऊन लागलंय, कांद्याचा रस लावा, सकाळपर्यंत ठीक होईल.’ ऊन लागणे आणि विरळ हवा लागणे यांची सुरुवात सारखीच दिसते. अडीच हजार मीटरच्या वर ही लक्षणे विरळ हवेचीच समजायची, दुसरे काही सिद्ध होईपर्यंत. सावलीत झोपवा, ओआरएस द्या, तासाभराने पाहा. उतार पडला तर बहुधा ऊन होते; तरी त्या दिवशी आणखी उंचीवर जायचे नाही. उतार नसेल तर टाचेला अंगठा लावत सरळ रेषेत दहा पावले चालायला सांगा. तोल गेला, बोलणे अडखळले, किंवा बसल्या जागी धाप आणि खोकला असेल तर थांबायचे नाही, त्याच क्षणी खाली. ऑक्सिमीटर बोटाला लावून आकडा पाहत बसणाऱ्यांना सांगणे: लेहला पहिल्या दिवशी ८५ ते ९० हा आकडा अनेकांचा येतो. गार बोट आणि नेलपॉलिश यांनी तो आणखी खोटा पडतो. आकडा घसरतोय का आणि माणूस कसा दिसतोय, हे दोन मिळून पाहा.

आणि ते डिओसारखे दिसणारे ऑक्सिजनचे कॅन! दहा लिटरचा कॅन मिनिटाला दोन लिटरने पाच मिनिटे चालतो. त्याने धीर येतो, माणूस वाचत नाही. बारा जणांच्या गटामागे दीड हजार लिटरचा खरा सिलिंडर, रेग्युलेटर आणि मास्कसह गाडीत हवा. मिनिटाला चार लिटरने तो सहा तास पुरतो, आणि सहा तासांत खाली उतरता येते.

गाड्यांचे थोडक्यात. इथून गाडी नेणार असाल तर निघण्याआधी ब्रेक ऑइल पूर्ण बदला, नुसते वर ओतू नका. ते हवेतला ओलावा ओढते आणि आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत दोन वर्षांत भरपूर ओढून बसते. कोरडे डॉट-४ दर्जाचे ब्रेक ऑइल किमान २३० अंशांना उकळते, ओलावलेले १५५ लाही. खारदुंगला खिंडीवरून उतरताना सतत ब्रेक दाबला की त्यात वाफ होते आणि पेडल स्पंजासारखे खाली जाते. उतारावर गियर खालचा, ब्रेक अधूनमधून. रेडिएटरमध्ये नळाचे पाणी नको, अर्धे कूलंट अर्धे डिस्टिल्ड वॉटर. खिंडीत साधे पाणी ८३ अंशांच्या आसपासच उकळते, म्हणून रेडिएटरच्या झाकणाचे रबर झिजलेले असेल तर ते साठ-सत्तर रुपयांसाठी तसेच ठेवू नका. टायरमध्ये इथे भरलेली ३२ ची हवा लेहला गेजवर चार-पाचने जास्त दिसते. ती तिथल्या सकाळच्या गारव्यात नीट करा.

इशाऱ्यांबद्दल. यलो अलर्ट म्हटला की ठाण्यात आपण दप्तरात रेनकोट टाकतो आणि निघतो. लडाख-स्पितीत यलोला मुक्काम हलवायचा नाही. मापक केंद्रे मोजकी, नाले असंख्य, त्यामुळे इशारा ढोबळच असणार. अंदाज चुकून एक दिवस वाया गेला तर तक्रार करू नका. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप लीडरच्या फोनमध्ये हवे. नेटवर्क नसेल तर मोजायचे: वीज दिसल्यापासून गडगडाटापर्यंत दर तीन सेकंदांना एक किलोमीटर. तीसच्या आत ऐकू आले तर खिंडीतून उतरा. काचा बंद केलेली मोटार सुरक्षित, बाइक आणि तंबू नाहीत. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबून मगच बाहेर.

राहिला पैशाचा मुद्दा. खरी गोम तिथेच आहे, हे तुम्हालाही ठाऊक आहे. आठ दिवसांच्या सहलीत विरळ हवेसाठीचे पहिले दोन दिवस सोडून आणखी दोन दिवस रिकामे ठेवले की दर वाढतो आणि शेजारचा आयोजक सहा दिवसांत तेच ‘सगळे’ दाखवतो. जुलै २०२३ मध्ये स्पितीतल्या चंद्रताल सरोवराशी पाऊस आणि बर्फाने सुमारे तीनशे पर्यटक कित्येक दिवस अडकले होते. असे अडकणे हा तिथला अपघात नसून मोसमाचा भाग आहे. तेव्हा सगळ्यांनी मिळून एकच करा: जुलै-ऑगस्टच्या प्रत्येक गटाच्या छापील अटींत हे लिहा की वाटेत एक दिवस आणि परतीच्या विमानाआधी लेहमध्ये एक दिवस राखीव आहे, तो वापरला गेला नाही तर जवळपासची ठिकाणे दाखवू, रस्ता बंद असल्याने किंवा लीडरच्या निर्णयाने एखादे ठिकाण वगळले तर त्याचे अमुक रुपये परत मिळतील, आणि पुढे जायचे की नाही यावर मतदान होणार नाही. शेवटचे वाक्य जाड अक्षरात. बारा हौशी माणसे आणि एक पैसे भरून वैतागलेला काका समोर असताना तोंडी नियम टिकत नाहीत.

जूनच्या पहिल्या आठवड्यात तुमच्या माहिती-बैठका सुरू होतील. त्याआधी या अटी पत्रकात आल्या तर नोंदणी करणाऱ्यांना त्या पैसे भरण्यापूर्वी वाचता येतील. ज्या पत्रकात त्या नसतील, त्या गटात जाऊ नका असे आम्ही आमच्या ओळखीच्यांना सांगणार आहोत.

कळावे,
हिमालयात गटांबरोबर जाणारे काही ठाणेकर आणि नवी मुंबईकर

ता.क. सामानाच्या यादीतली छत्री काढून टाका. खिंडीतल्या वाऱ्यात ती टिकत नाही आणि विजेच्या वेळी हातात धातूची काडी नको. पॉन्चोही नको, तो उडून चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर येतो. त्याऐवजी वॉटरप्रूफ जाकीट आणि पँट, दोन्ही वेगवेगळे, आणि ते बॅगेच्या तळाशी नाही तर वरच. जीन्स घरी ठेवा; भिजली की दोन दिवस वाळत नाही आणि पाच हजार मीटरवर ओल्या सुती कापडात माणूस ऑगस्टमध्येही गारठून आजारी पडतो. प्रीपेड सिमवर भिस्त ठेवू नका, गटात दोन वेगळ्या कंपन्यांचे पोस्टपेड नंबर असू द्या.